खेळातला वैद्य : पन्नास वर्षांचा इतिहास



व्याख्यानमालेच्या मांडवात राज्यांचे इतिहास सांगितले जातात, संतांचे सांगितले जातात, चळवळींचे सांगितले जातात. मला आज ज्याचा इतिहास सांगावयाचा आहे तो खेळातला एक पेशा आहे आणि त्याचे वय अवघे पन्नास वर्षांच्या आसपास आहे. विषय ऐकून कोणाला हसू आले तर नवल नाही. परंतु जेथे हजारो माणसे रोज संध्याकाळी एकत्र येतात, कामाची वाटणी करतात, मिळकतीवरून भांडतात, पुढारी नेमतात आणि त्या पुढाऱ्याला शिव्याही देतात, तेथे इतिहास घडतच असतो. कामगार संघटनेत ज्याची हयात गेली त्याला तर तो ओळखीचा वाटतो. कारण तो श्रमाचा इतिहास आहे.

प्रथम खेळ काय तो सांगतो. दूरदूरच्या घरी बसलेली माणसे संगणकाच्या द्वारे एकाच कल्पित मुलखात वावरतात. त्या मुलखात राक्षस आहेत, गुहा आहेत, जादू आहे. आत शिरताना प्रत्येकाला एक पेशा निवडावा लागतो. त्याला इंग्रजीत 'क्लास' म्हणतात. आम्हां चळवळीतल्या लोकांच्या कानांना हा शब्द निराळ्या अर्थाने वाजतो. येथे मात्र त्याचा अर्थ पेशा एवढाच. पेशे पुष्कळ असले तरी मुख्य कामे तीन. एक जण चिलखत घालून पुढे उभा राहतो आणि राक्षसाचा राग आपल्या अंगावर ओढून घेतो; तो 'टँक'. दुसरे राक्षसावर वार करीत राहतात. तिसरा मागे उभा राहून सर्वांच्या जखमा भरतो. तो 'हीलर', आपल्या शब्दांत वैद्य. वार करणाऱ्याचा वार बसला की सर्वांना दिसतो. टँक पडला तरी सर्वांना दिसतो. हीलरने काम चोख केले तर काहीच घडत नाही. कोणी मेले नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात राहात नाही. कोणी मेलेच तर पहिला प्रश्न येतो, 'हीलर काय करीत होता?' गिरणीतला बॉयलरवाला किंवा गावातला पाणी सोडणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे अधिक फोडून सांगावयास नको.

आता मुळाकडे जाऊ. या पेशाचा जन्म वैद्य म्हणून झालाच नाही. १९७० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्ह आर्नेसन हे गृहस्थ मित्रमंडळींसह टेबलाभोवती बसून 'ब्लॅकमूर' नावाच्या कल्पित मुलखाचा खेळ चालवीत असत. त्यात 'सर फँग' या रक्तपिपासू पिशाच्चाचे सोंग घेतलेला एक खेळाडू इतका शिरजोर झाला की बाकीच्यांना डाव नकोसा झाला. त्याला आवर घालण्यासाठी पिशाच्चांना पिटाळून लावणारा धर्मोपदेशक खेळात आणण्यात आला. पिशाच्चांच्या बोलपटांत क्रूस उगारून उभा राहणारा नायक हा त्याचा पूर्वज. पुढे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात तीन पेशे होते : लढवय्या, जादूगार आणि 'क्लेरिक' म्हणजे धर्मोपदेशक. जखमा भरण्याचे मंत्र या क्लेरिकच्या वाट्याला आले. तरी तो चिलखत घालीत असे, गदा चालवीत असे. धारेचे शस्त्र तेवढे त्याला वर्ज्य होते. पहिल्या पायरीवर तर त्याला एकही मंत्र मिळत नसे. तात्पर्य, लढणे आणि पिशाच्चे पिटाळणे हे त्याचे मूळ काम होते आणि जखमा भरणे हे जोडकाम होते. जोडकाम हेच पुढे संपूर्ण काम होऊन बसले. कामगारांच्या जगात असे वारंवार घडते. आरंभी 'जाता जाता एवढेही बघ' म्हणून जे गळ्यात घालतात, त्यातच माणसाची उमर जाते.

टेबलावरचा खेळ संगणकावर आला तो विद्यापीठांच्या वाटेने. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ पासून 'मड' नावाचा, अनेकांनी एकाच वेळी केवळ अक्षरांतून खेळावयाचा खेळ घडविला. १९९१ साली कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणक विभागातून 'डिकूमड' आला. त्यात लढवय्या, जादूगार आणि चोर यांच्या जोडीला क्लेरिक होताच. येथून पुढे या वंशाचा विस्तार झाला.

या इतिहासातला खरा मोठा अध्याय १६ मार्च १९९९ रोजी सुरू होतो. त्या दिवशी अमेरिकेत 'एव्हरक्वेस्ट' बाजारात आला. त्याचे जग चित्रांचे होते, पण रचना बरीचशी डिकूमडचीच होती. या जगात मरण महाग होते. मेलेल्या खेळाडूची कमावलेली पुण्याई कमी होई आणि त्याचे प्रेत सर्व चीजवस्तूंसह पडल्या जागी राही. ती पुण्याई मोठ्या प्रमाणात परत मिळवून देणारा म्हणजे क्लेरिक. त्यामुळे त्याच्यावाचून कोणाचे चालत नसे. तथापि त्याचे स्वतःचे आयुष्य कसे होते? मंत्र म्हणावयाचा आणि खर्ची पडलेली शक्ती भरून येण्यासाठी खाली बसावयाचे. आरंभीच्या काळात खालच्या पायऱ्यांवर बसताना मंत्रांचे पुस्तक उघडावे लागे आणि ते पुस्तक पडद्यावर समोरचे सर्व दृश्य झाकून टाकी. सोबती लढत आहेत आणि वैद्य पुस्तकाच्या पानाकडे पाहात बसला आहे, असा तो देखावा. शिवाय फार उत्साहाने जखमा भरल्या तर राक्षसाचा राग हीलरवरच उलटे. म्हणजे काम कमी केले तर सोबती मरणार आणि जास्त केले तर आपण मरणार. या दोहोंमधली अरुंद वाट ओळखणे हेच त्याचे कसब होते.

याच खेळात या पेशाने आपली सर्वांत मोठी निर्मिती केली. क्लेरिकला वरच्या पायरीवर 'कम्प्लीट हील' नावाचा मंत्र मिळे. त्याने भलीमोठी जखम एका दमात भरून येई, परंतु तो पुरा होण्यास दहा सेकंद लागत. मोठ्या राक्षसापुढे टँक दहा सेकंद टिकत नसे. मग यावर उपाय काय? खेळाडूंनी क्लेरिकांची साखळी बांधली. प्रत्येकाला क्रमांक दिला. पहिल्याने मंत्र सुरू केला की दोन-तीन सेकंद मोजून दुसऱ्याने सुरू करावयाचा, मग तिसऱ्याने, आणि शेवटचा झाला की पुन्हा पहिल्याची पाळी. दर दोन सेकंदांनी एक मंत्र पुरा व्हावयाचा असेल तर निदान पाच क्लेरिक लागणार, हा हिशेब कोणालाही मांडता येईल. प्रत्येक जण आपली पाळी आली की तसे जाहीर करी आणि पुढच्याला सावध करी. कोणाची शक्ती संपत आली तर त्याने वेळेवर सांगावयाचे, म्हणजे पुढचा एक स्थान वर सरकेल. एकाने डुलकी घेतली तर दोन सेकंदांची भेग पडे आणि त्या भेगेतून सबंध सैन्य गारद होई.

बंधुभगिनींनो, दहा सेकंदांचा मंत्र कंपनीने केला होता. पाळ्यांची ही व्यवस्था मात्र काम करणाऱ्यांनी आपण होऊन बसविली. वरून कोणी मुकादम नेमला नव्हता आणि नियमांच्या पुस्तकात तिचा उल्लेख नव्हता. एकट्याला जे अशक्य ते क्रम लावला की शक्य होते, हे त्यांनी स्वतःच्या गरजेतून शोधून काढले. याच मंडळींनी आपल्या टोळ्यांना 'गिल्ड' हे नाव घेतले होते. गिल्ड म्हणजे युरोपातील मध्ययुगीन कारागिरांचे संघ. आपल्याकडच्या प्राचीन श्रेणींची ती भावंडे. या गिल्डांतून पुढे हजेरीचे गुणही निघाले. जो जितक्या स्वाऱ्यांना हजर राहील तितके गुण त्याच्या नावावर जमा व्हावयाचे आणि लुटीतली वस्तू त्या गुणांच्या हिशेबाने मिळावयाची. या पद्धतीत वार करणारा आणि जखमा भरणारा यांची हजेरी सारखीच धरली जाई. माझ्या मते वैद्याच्या कामाला मिळालेला हा पहिला न्याय्य भाव होय. आणि हे सर्व करणारे लोक वेतन घेत नव्हते. दरमहा सुमारे दहा डॉलर वर्गणी भरून ते हे काम करीत होते!

२३ नोव्हेंबर २००४ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि हा पेशा लाखो घरांत जाऊन पोहोचला. आरंभी चाळीस जणांच्या स्वाऱ्या निघत. या खेळात हीलरला एक नवी अडचण आली. जखमा भरण्याची विद्या पूर्णपणे घेतलेल्या माणसाला एकट्याने राक्षस मारणे फार जड जाई. परंतु चिलखताच्या दुरुस्तीला सोने लागे, औषधाला लागे, आणि ते सोने बहुतांशी राक्षस मारून मिळे. विद्या बदलून घ्यावी तर त्यालाही सोने मोजावे लागे : पहिल्या वेळी एक मोहोर, नंतर पाच, मग दर खेपेस आणखी पाच, असे चढत चढत पन्नासांपर्यंत. इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी ज्याने स्वतःची कमाईची ताकद सोडली, त्यालाच पदरमोड करावी लागे. अखेर एप्रिल २००९ मध्ये एक हजार मोहोरा एकदाच भरून दोन विद्या जवळ बाळगण्याची सोय झाली. गाऱ्हाणे दूर होण्यास साडेचार वर्षे जावी लागली.

दुसरी अडचण मोजमापाची. कोणी किती वार केले आणि कोणी किती जखम भरली, याचे आकडे दाखविणारी यंत्रे खेळाडूंनीच तयार केली. आकडा आला की स्पर्धा आली. एकाने सुरू केलेला मंत्र पुरा होण्यापूर्वी दुसऱ्याने झटपट मंत्र टाकून जखम भरावी आणि आकडा आपल्या नावावर लावून घ्यावा, असे होऊ लागले. उक्त्या दराने काम दिले की कारागीर एकमेकांचा माल ओढतात, त्यातलाच हा प्रकार. याहून वाईट असे की, पुरोहिताने आधीच कवच घालून जो घाव अडविला, तो या यंत्रांना आरंभीची कित्येक वर्षे मोजताच येत नसे. झालेली जखम भरली तर आकडा वाढे. जखम होऊच दिली नाही तर शून्य. अपघात टाळणाऱ्याला शाबासकी नाही आणि अपघातानंतर धावपळ करणाऱ्याला आहे, हा न्याय आपल्या कारखान्यांतही अपरिचित नाही.

याच जगात सप्टेंबर २००५ मध्ये एक साथ आली. 'हक्कार' नावाच्या राक्षसाच्या गुहेत खेळाडूंना दूषित रक्ताचा रोग जडे. तो गुहेपुरताच राहावा अशी योजना होती, परंतु पाळीव प्राण्यांबरोबर तो बाहेर निसटला आणि भर वस्तीच्या शहरांत शिरला. दुकानदारांची पात्रे त्या रोगाने मरत नसत, पण तो पसरवीत. दुबळे खेळाडू क्षणात मरू लागले. कोणी पळाले, कोणी मुद्दाम रोग पसरवीत हिंडले, आणि पुष्कळ हीलर कोणी न बोलावता शहरात जाऊन अनोळखी माणसांच्या जखमा भरीत उभे राहिले. अखेर कंपनीला ती जगे पूर्ववत करून साथ मोडावी लागली. २००७ साली रॅन बालिसर यांनी 'एपिडेमिऑलॉजी' या नियतकालिकात, आणि एरिक लॉफग्रेन व नीना फेफरमन यांनी 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या नियतकालिकात या साथीचा विचार केला. दुसऱ्या लेखाने एक कडू गोष्ट नोंदली. हीलरांच्या परोपकारामुळे रोगी थोडा अधिक काळ जगत, पण रोगमुक्त होत नसत; त्यामुळे ते आणखी लोकांना रोग देत आणि साथ लांबे. सेवाभाव खरा होता, त्याला योजनेची जोड नव्हती. साखळी बांधणारे क्लेरिक आणि हे एकेकटे धावलेले वैद्य यांच्यातला फरक संघटनेचा आहे. चांगुलपणाचा नाही.

डिसेंबर २००९ मध्ये या खेळात अनोळखी पाच जणांची टोळी आपोआप जुळवून देणारी व्यवस्था आली. एक टँक, एक हीलर, तीन वार करणारे. वार करणारे उदंड आणि उरलेले दोघे दुर्मिळ. त्यामुळे रांगेत ताटकळत बसावे लागे. हीलर दुर्मिळ का, हा प्रश्न विचारण्याजोगा होता. अनोळखी टोळीत सर्वांच्या चुकांचे खापर एकाच्या माथी फुटत असेल तर ते काम कोण पत्करील? कंपनीने एप्रिल २०११ मध्ये निराळे उत्तर काढले : बक्षीस. ज्या कामाची टंचाई असेल ते पत्करणाऱ्याला सोने आणि मौल्यवान वस्तूंची थैली. त्याला एक अट होती. माणसाने रांगेत एकट्याने उभे राहिले पाहिजे. सोबत्यांसह आला तर थैली नाही. बोनस द्यावयाचा, पण सुट्यासुट्या माणसाला, हे धोरण कोणत्याही युनियनच्या माणसाला वाचल्याबरोबर कळेल. थैलीने रांग काही वेळ हलते, मानहानी जागच्या जागी राहते.

येथे आणखी एका अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे. हीलरचे काम बायकी, अशी समजूत या खेळांत रूढ आहे. निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या खेळाडूंचे प्रत्यक्ष वागणे तपासून २०११ साली आपला निबंध मांडला. त्यांना असे आढळले की, पुरुष स्त्रीपात्र घेऊन खेळतो तेव्हा तो जखमा भरण्यात अधिक वेळ घालवितो आणि स्त्री पुरुषपात्र घेऊन खेळते तेव्हा कमी. यावरून काय दिसते? सेवा हा बाईचा स्वभाव म्हणून जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग अंगावर चढविलेल्या वेषाचा आहे. घराघरांतील चुलीशी आणि आजाऱ्याच्या उशाशी जे काम 'स्वभाव' म्हणून फुकट घेतले जाते, त्याचा विचार करताना हा निष्कर्ष विसरून चालणार नाही.

बक्षिसाने जमेना तेव्हा काहींनी पेशाच रद्द करून पाहिला. २८ ऑगस्ट २०१२ रोजी आलेल्या 'गिल्ड वॉर्स २' मध्ये निव्वळ हीलर ठेवलाच नाही. प्रत्येकाने आपली जखम आपण भरावी आणि पडलेल्या सोबत्याला कोणीही उठवावे, अशी रचना केली. विचार उदार होता. कोणासाठी खोळंबणे नको आणि कोणावर खापर नको. परंतु २०१५ च्या अखेरीस त्याच खेळात दहा जणांच्या अवघड स्वाऱ्या आल्या आणि त्यांच्यासोबत जखमा भरण्यात वाकबगार असा 'ड्रुइड'ही आला. काम खरोखर अवघड झाले की ते मन लावून करणारा माणूस लागतोच.

तिसरा प्रयोग जपानमधील स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या 'फायनल फँटसी १४' या खेळात झाला, आणि या इतिहासातला सर्वांत बोधप्रद भाग तोच आहे. २०१३ साली नव्याने उभारलेल्या या खेळात हीलरला एक खास पवित्रा घेता येई. तो घेतला की वार जोरकस होत आणि मंत्र दुबळे पडत. तो केव्हा घ्यावा आणि केव्हा सोडावा यात जोखीम होती आणि कसबही होते. २०१७ मध्ये तो पवित्रा बोथट करण्यात आला आणि २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी हीलरांची बाकीची हत्यारेही कमी झाली. जखमा भरण्याचे काम नसेल तेव्हा अर्ध्या मिनिटाने एक मंत्र लावावयाचा आणि मधल्या वेळात एकच दुसरा मंत्र पुन्हा पुन्हा म्हणावयाचा, एवढे उरले. हेतू असा की नवख्यालाही हे काम जमावे. दुसरीकडे टँकला स्वतःच्या जखमा स्वतः भरण्याची भरपूर साधने मिळाली. नेहमीच्या गुहा हीलरवाचूनही पार पडू लागल्या. काम सोपे झाले, आणि काम करणारा नसला तरी चालेल असे झाले. गिरणीत नवा साचा आल्यावर जुन्या विणकराच्या हातातले कसब कसे निघून जाते, हे ज्यांनी पाहिले त्यांना ही वाट ठाऊक आहे.

याचा शेवट जून २०२४ मध्ये संपाच्या हाकेने झाला. 'डॉनट्रेल' हा नवा भाग येण्यापूर्वी खेळाडूंच्या एका गटाने कंपनीच्या अधिकृत चर्चापीठावरच जाहीर केले की, आपण यापुढे हीलर म्हणून उभे राहणार नाही, दुसरी कामे करू. त्यांची तक्रार काय होती हे नीट पाहिले पाहिजे. थैली अपुरी आहे, ही त्यांची ओरड नव्हती. टंचाईच्या कामाला बक्षीस त्या खेळातही होतेच. आमच्या कामात विचार करण्यासारखे काही उरले नाही आणि आमची गरजही उरली नाही, ही त्यांची व्यथा होती. नवा भाग २ जुलै रोजी ठरल्याप्रमाणे आला आणि खेळ बंद पडला नाही. पण जगाला संपाची ही बातमी कळली, आणि त्या पेशाच्या पन्नासाव्या वर्षी त्याच्या वतीने 'आम्ही' असा शब्द उच्चारला गेला.

कोणी म्हणेल, ज्या संपात मजुरी बुडत नाही तो कसला संप? आक्षेप खरा आहे. १८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात ज्यांच्या चुली थंड झाल्या, त्यांच्या पंक्तीला मी या खेळाडूंना बसविणार नाही. वर्गणी बंद केली की ते मोकळे. गिरणी कामगाराला तसे मोकळे होता आले नाही. परंतु याच कारणाने त्यांची साक्ष मोलाची आहे. भाकरीची सक्ती जेथे नाही तेथेही माणूस कंटाळवाण्या, बिनगरजेच्या कामाला नाही म्हणतो, आणि अवघड पण गरजेच्या कामाला पैसे भरून येतो. दहा सेकंदांचा मंत्र म्हणत पाळीची वाट पाहणारा क्लेरिक स्वखुशीने बसला होता. कामगाराला काम टाळावयाचे असते आणि पैसा तेवढा हवा असतो, असे जे मालकांच्या सभांतून सांगितले जाते, त्याला या पन्नास वर्षांनी परस्पर उत्तर दिले आहे. कामात अक्कल लागावी, काम कोणाच्या तरी उपयोगी पडावे आणि केलेले काम दिसावे, या मागण्या चैनीच्या नाहीत. मागणीपत्रकात आपण त्या बहुधा शेवटी लिहितो किंवा लिहीतच नाही. मला वाटते, त्या वर घेण्याची वेळ आली आहे. विशेषतः रुग्णालयांतील परिचारिका, आया, सफाई कामगार, आशा सेविका यांच्या बाबतीत, ज्यांचे काम चोख झाले की काहीच घडत नाही.

शेवटी एक नोंद. हीलरांनी खेळात संप पुकारला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, जुलै २०२४ मध्ये, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट घडविणाऱ्या पाचशेहून अधिक कामगारांनी अमेरिकेतील कम्युनिकेशन्स वर्कर्स या कामगार संघटनेत आपली युनियन स्थापन केली आणि मालक कंपनी मायक्रोसॉफ्टने तिला मान्यता दिली. चित्रकार, रचनाकार, यंत्रज्ञ आणि दोष शोधणारे परीक्षक अशी ती सर्व माणसे आहेत. दोष शोधणाऱ्या परीक्षकाचेही काम असेच, की ते नीट झाले तर कोणाला कळत नाही. या युनियनने स्वतःला जे नाव घेतले त्यात 'गिल्ड' हाच शब्द आहे. कारागिरांच्या संघाकडून तो खेळाने उसना घेतला होता; खेळ घडविणाऱ्या कामगारांनी तो पुन्हा आपल्या घरी आणला.